मुदतीत न धरलेले दिवस

॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥

सहम, ओमान
गुरुवार, ३ डिसेंबर २०१५

चि. लोकेश यास,
ताईचे आशीर्वाद.

काल सागर धुरी रजेवरून परत आला. तो इथे बेकरीत असतो, आपल्या पिंगुळीचाच. त्याच्याबरोबर आलेले सामान असे. उकडे तांदूळ पाच किलो. कुळथाचे पीठ दोन किलो. कोकमाची सोले एक किलो, पण ओलसर, म्हणजे वजनात आठशे ग्रॅमच धरायची. विमानाच्या जादा वजनाचे म्हणून त्याने दोन रियाल घेतले, साधारण साडेतीनशे रुपये. सामान तिथे साडेसातशेचे. एवढे कुळीथ इथे अडीच रियालला मिळाले असते, पण त्याला वास नसतो. शेवटी पिशवीच्या तळातून एक लांबट पाकीट निघाले. त्याचे त्याने काही घेतले नाही.

पाकीट आमच्या पिंगुळीच्या घरी आलेले. शेजारच्या गिरिजाकाकीने सही करून घेऊन ठेवले होते. आत नोटीस आहे. ह्यांच्या नावाच्या जुन्या क्रेडिट कार्डाची, ज्याचे दुसरे कार्ड ह्यांनी तुला दुकानासाठी काढून दिले होते त्याची. बँकेने ते कर्ज मुंबईच्या कुठल्याशा वसुली कंपनीला विकले म्हणे. मूळचे शहाऐंशी हजार आता तीन लाख बारा हजार चारशे पन्नास झाले आहेत. भरले नाही तर दावा लावू, आणि शिवराम बाबाजी यांच्या नावची स्थावर मालमत्ता, म्हणून घर क्रमांक लिहिला आहे. आमच्या दोन खोल्यांचा. त्या खोल्या आपणच बांधल्या असे अजून मनाला पटायचे आहे, तोवर त्यांचा नंबर मुंबईला पोचला.

साडेसहा वर्षांनी तुला लिहिते आहे, तेव्हा कसा आहेस, घरचे कसे आहेत हे सगळे असायला हवे. ते आता सुचत नाही. फोन केला तर तू घेत नाहीस. माधवीने दोनदा घेतला आणि "ते नाहीत" म्हणाली. तिच्या मागे टीव्हीसमोर तूच मॅचला ओरडत होतास.

नोटीस वाचल्यावर मला भीती वाटेल असे वाटले होते. तसे काही झाले नाही. मी तांदूळ डब्यात भरले.

इथे ज्याला त्याला कायदा माहीत आहे. खाली दुकान चालवणारे कासमभाई म्हणाले, "भाभी, क्रेडिट कार्ड का तीन साल. उस के बाद खलास. फाड के फेंक दो." ह्यांच्या कंपनीतला एकजण म्हणाला, तुम्ही राहता ओमानात, तर ओमानची मुदत लागणार, आणि इथे दहा वर्षे की पंधरा वर्षे चालते. मग ह्यांनी दोन दिवस तेच धरले. म्हणजे तिथली धरली तर सुटलो, इथली धरली तर अडकलो. जेवताना म्हणाले, "ह्या देशात पाण्याची बाटली धरून उभा राहिलो तरी ह्यांचाच कायदा, आणि गावात घर बांधला तरी ह्यांचाच?" मी म्हटले, विचारू कोणाला तरी.

अल खौदला अजिंक्य म्हणून इंजिनिअर आहेत, नागपूरकडचे. उर्वीच्या शाळेच्या फॉर्मच्या वेळी त्यांची ओळख झाली. त्यांनी फोनवर नीट ऐकून घेतले. म्हणाले, "काकू, कार्ड तिथलं, बँक तिथली, दावाही तिथंच लागणार. मुदत पण तिथलीच. पण तीन वर्षं कधीपासून मोजायची ते वकील सांगेल. शेवटचे पैसे कधी भरले गेले ते बघा."

म्हणून हे पत्र. कुडाळला वसुंधरा वकीलबाई आहेत, त्यांचाही तोच प्रश्न. आमच्या माहितीप्रमाणे २००८ च्या फेब्रुवारीनंतर त्या कार्डावर कोणीही काही भरलेले नाही. तसे असेल तर मुदत २०११ सालीच संपली आणि घर वाचले. तू नंतर काही भरलेस का, एवढेच सांग. हो किंवा नाही.

तू काय काय घेतलेस ते मी विचारत नाही. तो विषय या पत्रात नको.

ह्यांची कंपनी माणसे कमी करते आहे. आमचा व्हिसा जूनपर्यंत. पुढचे नाही. म्हणजे आम्हाला उतरायला जागा तेवढी एकच आहे.

तुझी,
ताई


सहम
सोमवार, १८ जानेवारी २०१६

चि. लोकेश यास,
आशीर्वाद.

तुझे उत्तर आले नाही. उत्तराऐवजी वसुली कंपनीचा हिशोब आला. वकीलबाईंनी मागवून अजिंक्यच्या ईमेलवर पाठवायला सांगितला, त्यांनी छापून सहमला येणाऱ्या माणसाबरोबर दिला. अकरा पाने, पानाला शंभर बैसे, एक रियाल शंभर. अजिंक्य पैसे घेत नव्हते, मी दिले.

उर्वीला बसवून वाचून घेतले. तेरा वर्षांची झाली. मराठी बोलताना अडखळते, पण इंग्रजी आकडे भराभर वाचते. खर्चाच्या ओळी झाल्या आणि नंतर नुसते व्याज, दंड, व्याज, दंड. मध्येच ती थांबली. "मम्मी, इथे लिहिलंय पेमेंट रिसीव्हड, थँक यू. हे थँक यू पप्पांना म्हणतात?"

मी म्हटले, पुढे वाच.

एक हजार एक रुपये. मग वर्षभर काही नाही. परत एक हजार एक, थँक यू. २००९ पासून असे सहा वेळा. २८ ऑक्टोबर २०११. १५ नोव्हेंबर २०१२. ५ नोव्हेंबर २०१३. शेवटचे २५ ऑक्टोबर २०१४.

मला आधी कळले नाही. तारखा दरवर्षी वेगळ्या, म्हणून हप्ताही वाटेना. मी जुनी दिनदर्शिका ठेवते, मागच्या बाजूला दुधाचा आणि गॅसचा हिशोब असतो म्हणून. त्यात पाहिले. सगळ्या भाऊबिजा.

त्या सहाही वर्षी मी इथे गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळले आहे. भाऊ नसलेली बाई ओवाळते तसे. समोरच्या खुदेजाबाईने एकदा विचारलेही, चंद्राला काय दाखवतेस. मी म्हटले, आमच्यात असते.

आता वकीलबाई काय म्हणाल्या ते लिहिते. म्हणाल्या, "मुदतीच्या आत कोणी थोडे जरी पैसे भरले तरी तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. तुमच्या भावानं शेवटचे भरले २०१४ ला, तर ही मुदत २०१७ पर्यंत जिवंत." म्हणजे वर्षाला एक हजार एक भरून तू ते उभे ठेवलेस. नुसता गप्प बसला असतास तर सगळे पाच वर्षांपूर्वी आपोआप मेले असते. गप्प बसायला पैसे पडत नाहीत.

ह्यांना सांगितले तेव्हा हे पंख्याच्या मोटरला तेल देत होते. हात पुसले आणि म्हणाले, "मेलेला करज ह्येना दरवर्सा पाणी घालून जगवल्यान." मग हसले. मग कपाट जोरात लावले. मग उर्वीला म्हणाले, तुझ्या मामाला ओवाळणी कुठे घालतात ते माहीत नाही, ताटात घालायची ती बँकेत घालतो. तिने विचारले, ओवाळणी म्हणजे काय. तिला कोणी सांगितले नव्हते.

मीही तेच म्हणते, लोकेश. तुला दुकानातल्या बिलाच्या मागच्या अटी वाचायची सवय होती. सहा वर्षे काउंटरवर उभे राहून पैसे भरलेस, एकदा कोणाला विचारायचे नव्हते का, याने काय होते? तुझ्या पुण्याईची किंमत आमच्या दोन खोल्या होऊ बघते आहे.

एक वाट आहे म्हणतात. तू हे पैसे ह्यांच्या सांगण्यावरून भरले नाहीस, ह्यांना माहीतही नव्हते, असे वकीलबाईंकडे लिहून दिलेस तर त्या तेवढ्यावर भांडून बघतील. हे खरेच आहे, त्यात खोटे काही नाही. तेवढे कर.

अकरा पाने आली होती. ह्यांनी दहा वाचली. दुसरे पान मी देवाच्या फळीवरच्या लाल वस्त्राखाली ठेवले आहे. ह्यांनी पाने मोजली नाहीत. पाने मोजायची सवय मला आहे, त्यांना नाही.

ताई


सहम
शनिवार, २० फेब्रुवारी २०१६

चि. लोकेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे रजिस्टर पत्र मंगळवारी पोचले. चौदा ओळी. पोस्टाच्या पेटीची किल्ली ह्यांच्या कंपनीतल्या माणसाकडे असते, तो आणून देतो, मी त्याला दोन केळी दिली. तुझे अक्षर अजून उजवीकडे पडते.

तू लिहितोस, मी येत्या महिन्यात वकीलबाईंकडे जाऊन स्टॅम्प पेपर करतो. फक्त पैसे भरल्याचे नाही, सगळा खर्च माझाच असे लिहून देतो, पान दोनसुद्धा. "ताई, तुझं नाव कुठं येणार नाही. शपथ घ्यायची तर घेईन." आणि खाली, "मी कायदा विचारला नाही हे खरं. मला वाटलं पैसे भरल्यानं कर्ज कमी होतं." ही ओळ मी पुन्हा वाचली.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. दोन्ही क्रमाने लिहिते, कारण हे पत्र तू वकीलबाईंना दाखवायचे आहेस. मी त्यांना फोनवर सांगू शकले नाही. हे घरात असतात.

पहिली. जानेवारीत मी तुला जे लिहिले ते चुकले. परवा वकीलबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "कलावतीताई, एक राहिलं होतं. तुमचे मिस्टर देशाबाहेर किती दिवस होते, आणि देशात किती?" मी म्हटले, कशाला. म्हणाल्या, "देशाबाहेर राहिले तेवढे दिवस मुदतीत धरत नाहीत. तीन वर्षं म्हणजे भारतात राहून तीन वर्षं. यावर भांडता येतं, कोर्ट काय म्हणेल सांगता येत नाही, पण त्या भरवशावर घर लावू नका."

मी पासपोर्ट काढले. शिक्के बघत दिवस मोजले. २००९ ला पंचेचाळीस दिवस. २०११ ला चाळीस. २०१३ ला घर बांधले तेव्हा बासष्ट. गेल्या साली तीस. एकूण एकशे सत्त्याहत्तर. तीन वर्षांचे एक हजार पंचाण्णव होतात. तू एक पैसाही भरला नसतास तरी आठ वर्षांत एकशे सत्त्याहत्तरच दिवस गेले असते. तू भरलेस म्हणून नव्याने मोजायचे तर तीस. दोन्हीकडून काठ लांबच. त्या कर्जाला तू जगवलेले नाहीस. आम्ही इथे होतो म्हणून ते तिथे होते तसे राहिले.

हे ह्यांना सांगितले. बराच वेळ पासपोर्ट उलटसुलट करून बघितला. "म्हणजे मी हंय नव वर्सा काम केलंय ता धरणत नाय?" म्हणाले. मी म्हटले, कर्जाला धरत नाहीत. ते म्हणाले, "मगे कोणाक धरतत?"

तेव्हा मी लिहिलेले शब्द परत घेते. तुझ्या ओवाळणीने काही बिघडलेले नाही.

दुसरी गोष्ट पान दोनची. तुला ती माहीत आहे. पण मी ती आजवर कधी तोंडाने सांगितली नाही आणि लिहिली तर नाहीच, म्हणून एकदा लिहिते.

१२ मे २००७, शनिवार. मला ह्यांच्याकडे इकडे यायला चार आठवडे उरले होते. तिकीट झाले होते. कुडाळच्या एसटी स्टँडवर गर्दीत बस आली, मी उर्वीला कडेवर घेऊन चढले, आणि आत बसल्यावर गळ्याला हात लावला तर मंगळसूत्र नव्हते. कोणी कापले की तुटून पडले, कळले नाही. मी पुढच्या थांब्यावर उतरले. पोलिसांत गेले नाही. गेले असते तर संध्याकाळपर्यंत गावात झाले असते, आणि नवऱ्याकडे निघालेल्या बाईचे मंगळसूत्र गेले याचा अर्थ सासूबाईंनी काय लावला असता तो तूही जाणतोस. मीही तोच लावत होते. आजही त्या दिवसाचे नाव घेताना मी देवाचे नाव आधी घेते.

मी पदर गळ्याशी धरून तुझ्या दुकानात आले. तू शटर अर्धे ओढलेस. मी म्हटले, काहीतरी कर, मी घरी जाऊ शकत नाही. तू विचारलेस, वाट्या कशा होत्या, काळे मणी किती पदरी. मग सोनाराकडे नेलेस. दोन तोळे. एकोणीस हजार आठशे पन्नास. तू कार्ड दिलेस. सोनार म्हणाला, "कोणाचं लगीन रे?" तू म्हणालास, "आमचा ठरलेला हा, मुहूर्त चुकलो." मला तेव्हा हसू आले होते. मी दुपारी घरी गेले, मंगळसूत्र घालून. सासूबाईंनी विचारले, उशीर का झाला. मी म्हटले, बस चुकली. माझ्या हिशोबाच्या वहीत त्या तारखेला एसटीचे भाडे लिहिलेले आहे आणि पुढे काही नाही. पंचवीस वर्षांच्या वह्यांत तेवढी एक जागा खोटी आहे.

शहाऐंशीतले सहासष्ट हजार एकशे पन्नास तुझ्या दुकानाच्या मालाचे. ते तू भरले नाहीस, तो तुझा दोष, आणि तो मी झाकत नाही. पण २००९ च्या मे महिन्यात, आमच्या अंगणात, तेव्हाच्या जुन्या घरापुढे, ह्यांनी कागद वाचून "ह्यातला कोणाचा किती?" विचारले, तेव्हा तू माझ्याकडे बघितलेस आणि म्हणालास, "सगळं माझंच." मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. हे म्हणाले, पायरी चढू नको. तू चप्पल घातलीस. मी तांब्या आत नेऊन ठेवला.

तेवढेच केले मी. तांब्या ठेवला. नंतर तुला फोन केला असता, पण काय बोलायचे होते ते ह्यांच्यासमोर बोलता येण्यासारखे नव्हते, आणि हे नसताना बोलणे म्हणजे चोरी वाटायची. मग तीच सवय झाली.

तेव्हा स्टॅम्प पेपर करू नको. पैसे कोणी भरले ते खरे आहे, तेवढेही आता लिहायची गरज वकीलबाईंना वाटत नाही. पण पान दोन तुझे म्हणून शपथ घेऊ नको. तुझे व्रत-उपवास नसतील, माझे आहेत. मी एकादशी करायची आणि माझी खोटी शपथ तू वाहायची, हे रवळनाथाला कसे सांगू?

ह्यांना मी सांगणार आहे. कधी ते ठरलेले नाही. कागदावर "सांगणार आहे" लिहिले म्हणजे सांगावे लागेल, म्हणून लिहिले.

माधवीला आशीर्वाद.

ताई


सहम
बुधवार, १६ मार्च २०१६

चि. लोकेश यास,
अनेक आशीर्वाद.

वकीलबाईंनी तू पत्र दाखवल्याचे कळवले. त्यांनी ते वाचून घडी करून परत दिले, झेरॉक्स काढली नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगितले. चांगली बाई आहे.

ह्यांना शुक्रवारी सांगितले. इथे शुक्रवारी सुट्टी. सकाळी नऊच्या सुमाराला हे स्टुलावर उभे राहून आमच्याच एसीची जाळी काढत होते. दुसऱ्यांचे एसी आठवडाभर करतात, आमचा महिन्यातून एकदा. उर्वी ट्यूशनला गेली होती. मी लाल वस्त्राखालून पान काढले आणि त्यांच्या हातात दिले. हात धुळीचे होते.

त्यांनी वाचले. म्हणाले, "सोनार? लोकेशान सोनाराकडे काय घेतल्यान?"

मी म्हटले, "माझं मंगळसूत्र. माझं पहिलं स्टँडवर गेलं. हे दुसरं आहे."

हे स्टुलावरच उभे. माझ्या गळ्याकडे बघितले. नऊ वर्षांत असे बघितल्याचे मला आठवत नाही, कदाचित बघितलेही असेल. म्हणाले, "ह्या?"

"हे."

"म्हणजे मी बांधलेला ता खय गेला?"

"माहीत नाही."

मग विचारले, "किती तोळे?" मी सांगितले, दोन. "पयला पण दोनच होता." मी म्हटले, हो, तसेच करून घेतले. म्हणाले, "आणि मी तेका अंगणातून घालवलंय तेव्हा तू खय होतंस?"

"तिथंच होते."

"माका कित्याक सांगूक नाय?"

मी खरे तेच सांगितले. म्हटले, आधी अपशकुनाची भीती होती. नंतर तुमची. नंतर कसलीच नव्हती, नुसते सांगायचे राहून गेले.

हे स्टुलावरून उतरले. जाळी बाथरूममध्ये नेऊन धुतली, परत बसवली, एसी लावून बघितला. मग मशिदीकडच्या रस्त्याने चालत समुद्राकडे गेले. दुपारी आले, जेवले. मी पोळ्या मोजून नऊ केल्या, नेहमीसारख्या.

शनिवार, रविवार, सोमवार बोलले नाहीत. म्हणजे मीठ दे, पाणी आले का, एवढे बोलले. सोमवारी उर्वीने विचारले, "पप्पा ॲंग्री आहेत की टायर्ड?" मी म्हटले, दोन्ही नाहीत, हिशोब करतायत.

मंगळवारी ड्यूटीवरून आल्यावर वसुली कंपनीकडून आलेले पत्र माझ्यापुढे ठेवले. वसुलीवाल्यांनी एकदम मिटवायचे तर एक लाख पस्तीस हजार सांगितले आहेत, एकतीस मार्चपर्यंत. हे म्हणाले, ग्रॅच्युइटीतून आगाऊ उचलतो, अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, हो म्हटले आहे. घराला मागे मोरी आणि पडवी काढायची होती ती राहील. मोरी नसली तर नसली. वकीलबाईंना सांगून कागद नीट लिहून घ्यायचा, "पूर्ण आणि अखेर" असा, आणि तो हातात आल्यावरच पैसे.

मी विचारले, जूनमध्ये तिथे पाय ठेवला की, तू भरलेले न धरता, राहिलेले नऊशे अठरा दिवस सुरू होतात, ते थांबून काढायचे का. वकीलबाईंनी तीही एक वाट सांगितली होती. हे म्हणाले, "अडीच वर्सा दारार कोण इलो म्हणान बघीत बसू? मी माझ्या घरात बसान तर सरळ बसान."

मग मी विचारले, लोकेशला काय लिहू.

कार्ड आपल्या सहीने घेतलेले होते, ते आपण भरणार, तुझ्याकडून एक रुपया नको, स्टॅम्प पेपर नको, असे म्हणाले. तुझे सहासष्ट हजार विसरलेले नाहीत, हेही म्हणाले. ते तसेच लिही म्हणाले, म्हणून लिहिते. माझ्या एकोणीस हजारांचे काहीच म्हणाले नाहीत. मी वहीत १२ मे २००७ ची तारीख घालून आज ती रक्कम लिहिली आणि बाजूला आजची तारीख टाकली. त्यांना दाखवली. त्यांनी बघून बंद केली.

नंतर चहा पिताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जूनात सामान येतला. गोव्यासून टेम्पो करूचो लागतलो. तीस खोके आसत, शिवाय फ्रीज. उतरूक मानूस लागतलो." मी म्हटले, गावात मजूर मिळतात की, चारशे रुपये रोज. म्हणाले, "मजूर नको. फ्रीज आपटतत."

एवढेच म्हणाले. त्याहून जास्त मी काही लावत नाही, तूही लावू नको. नाव त्यांनी घेतले नाही. पण जूनमध्ये रजेवर असेल म्हणून मी सागरचे नाव सुचवले तर म्हणाले, तो हलका आहे, आणि गिरिजाकाकीचा मुलगा म्हटले तर म्हणाले, त्याची कंबर धरलेली असते. मग माझ्याकडे बघत राहिले, जसे मला तिसरे नाव येत असूनही मी घेत नाही.

आम्ही ११ जूनला सकाळी गोव्याला उतरतो. सामान १४ तारखेला, मंगळवारी. दुकान त्या दिवशी बंद ठेवलेस तर किती नुकसान होईल ते मला माहीत नाही, तेही लिही. जेवायला कुळथाची पिठी आणि भात असेल, जास्त काही जमणार नाही. मोरी नाही, तेव्हा हातपाय विहिरीवर धुवावे लागतील. अंगणातून सरळ आत यायचे, पायरीवर थांबायचे नाही.

येतोस की नाही, उलट टपाली कळव. हे विचारतील तेव्हा मला पत्र दाखवता आले पाहिजे.

तुझी,
कलावतीताई